पडतील तर, न पडतील तर

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की मराठी माणसाच्या मोबाइलवर एक मजकूर येऊन थडकतो. खाली लेखकाचं नाव कधी असतं, कधी नसतं. मजकूर मात्र एव्हाना सगळ्यांना पाठ झालेला. कावळ्याने घरटं आंब्यावर बांधलं तर पाऊस चांगला, बाभळीवर बांधलं तर दुष्काळ. टिटवीने ओढ्याच्या पात्रात अंडी घातली की पावसाने ओढ दिलीच म्हणून समजा. चंद्राला खळं पडलं, मुंग्या अंडी घेऊन निघाल्या, पावशा ‘पेरते व्हा’ म्हणून ओरडू लागला. मग मृगापासून स्वातीपर्यंतच्या म्हणींची माळ, आणि शेवटी ठसका : आपल्या पूर्वजांना उपग्रह लागत नव्हते!

अलीकडे या मजकुराला नवं शेपूट फुटलं आहे. जपानी शेतकरीही खळं पाहून पाऊस सांगतो, इंग्रज खलाशीही सांजेच्या तांबड्या आभाळावरून उद्याचा दिवस ओळखतो, बायबलातही तेच आहे. म्हणजे जगभरच्या जाणत्यांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट सांगितली. म्हणजे ते शास्त्रच. आजकाल या म्हणी चुकतात त्याला जबाबदार आपण. निसर्गाचं चक्र आपण बिघडवलं, नाहीतर म्हणी बिनचूक होत्या.

या मताचं खंडन करायला मी जागा निवडली आहे फुनाबोरीची. टोकियोच्या पूर्व कडेला, एदोगावा वॉर्डात, आराकावा नदी ओलांडली की हे स्टेशन येतं. शेजारच्या निशिकासाईत २००० सालच्या आगेमागे संगणकाच्या कामासाठी भारतीय कुटुंबं येऊन राहू लागली, आणि वस्ती पसरत इथवर आली. त्यात मराठी घरं पुष्कळ. योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ २०१९ साली याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, यावरून इथल्या भारतीयांचा जम कळावा. अशा घरांत भिंतीवर जपानी कॅलेंडर असतं आणि कपाटात मराठी पंचांग. दोन्हींत पावसाच्या म्हणी आहेत आणि आभाळ एकच. म्हणींचं प्रमाणपत्र तपासायला यापेक्षा सोयीची जागा मला सुचत नाही.

शिवाय फुनाबोरी त्या मताच्या बाजूने एक जबरदस्त पुरावाही देते, तो आधी मांडला पाहिजे. पूर्वपक्ष लेचापेचा करून पाडण्यात काही पुरुषार्थ नाही. टोकियोचा समावेश असलेल्या कांतो-कोशिन भागात त्सुयु, म्हणजे जपानचा पावसाळा, सरासरीने ७ जूनच्या सुमारास सुरू होतो. ही जपानी हवामान खात्याची १९९१ ते २०२० या तीस वर्षांची सरासरी आहे. आणि आपलं मृग नक्षत्र लागतं ७ किंवा ८ जूनला! साडेसहा हजार किलोमीटरवरच्या गावात पंचांगाचा मृग दिवस चुकवत नसेल, तर आणखी काय पुरावा हवा?

मृगाकडे येऊच. आधी तांबड्या आभाळाचं पाहू, कारण ‘जगभर एकच म्हण’ या युक्तिवादाचा तो कणा आहे.

फुनाबोरी स्टेशनसमोर टॉवर हॉल नावाची वॉर्डाची इमारत आहे, १९९९ मध्ये उघडलेली. तिच्या मनोऱ्यावर १०३ मीटर उंचीवर सज्जा आहे. लिफ्टने जायचं, पैसे पडत नाहीत. पश्चिमेच्या काचेशी उभं राहिलं की पायाशी आराकावाचं रुंद पात्र, मग दाटीवाटीचं शहर, आणि हवा स्वच्छ असेल तर शंभर किलोमीटरहून दूरचा फुजी. सूर्य त्याच बाजूला मावळतो. जपानी म्हण सांगते, सांज तांबडी तर उद्या ऊन, पहाट तांबडी तर पाऊस. शरद ऋतूसाठी तिची आणखी एक बहीण आहे : सांजेला आभाळ तांबडं झालं की विळ्याला धार लाव, म्हणजे उद्या कापणी करता येईल. ही म्हण खरी आहे आणि तिच्या खरेपणाचं कारण त्या काचेतूनच दिसतं. मावळतीचा प्रकाश तांबडा होऊन आपल्यापर्यंत पोचतो तो पश्चिमेची हवा दूरवर निरभ्र असेल तरच. आणि जपानवरची हवा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. आज फुजीच्या बाजूला जी हवा आहे ती उद्या फुनाबोरीवर असणार.

फुजीच्या टोपीचंही तेच. शिखरावर टोपीसारखा ढग बसला की पाऊस येणार, असं त्या पंचक्रोशीत म्हणतात. मासानाओ आबे नावाच्या एका सरदार-संशोधकाने १९२७ साली गोतेंबाला वेधशाळाच थाटली आणि फुजीवरच्या ढगांची वर्षानुवर्षं छायाचित्रं काढली. पुढे कावागुचिकोच्या हवामान केंद्रातल्या नोंदींवरून त्या टोप्यांचे वीस प्रकार पाडले गेले. टोपीनंतर दिवसभरात पाऊस होण्याचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास निघालं. पश्चिमेकडून कमी दाबाचं क्षेत्र येऊ लागलं की त्याच्या पुढचा दमट वारा डोंगराला धडकून वर चढतो आणि टोपी घडते. म्हणीने पैज जिंकली. पण तिने ती कुठे जिंकली हे विसरायचं नाही. फुजीच्या पायथ्याशी.

आता हीच तांबडी सांज नागपुरात जुलैच्या एखाद्या संध्याकाळी घ्या. पावसाळ्यात आपल्याकडे जमिनीलगतचा वारा नैर्ऋत्येचा असतो, पण विदर्भाच्या पावसाची मोठी खेप येते उलट दिशेने. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, ओडिशाच्या किनाऱ्यावर चढतं आणि छत्तीसगड, विदर्भ, मध्य प्रदेश असं वायव्येकडे सरकत जातं. वर चौदा-पंधरा किलोमीटरवर तर वारा सरळ पूर्वेकडून पश्चिमेकडे धावत असतो. मावळतीकडे आभाळ कितीही निवळलेलं असो, उद्याचा पाऊस पाठीमागून येणार आहे. पश्चिमेचं स्वच्छ आभाळ पाहून ज्याने धान्य उघड्यावर ठेवलं त्याचं ते भिजणार, आणि म्हणीला त्याचा पत्ताही लागणार नाही.

मग ही म्हण ग्रीकांकडे, बायबलात, इंग्रजांकडे आणि जपानात कशी? पॅलेस्टाइन, ग्रीस, इंग्लंड आणि जपान ही सगळी उत्तरेच्या साधारण तीस ते साठ अक्षांशांतली माणसं, एकाच पश्चिमी वाऱ्याच्या पट्ट्यातली. एका वाड्यात राहणाऱ्या चार बिऱ्हाडकरूंनी ‘नळाला सकाळी पाणी येतं’ अशी साक्ष दिली म्हणून साऱ्या गावात सकाळी पाणी येतं असं ठरत नाही. आपलं बिऱ्हाड त्या वाड्यात नाही. मुंबई एकोणीस अक्षांशावर, नागपूर एकवीस. चंद्राच्या खळ्याचीही हीच कथा. उंचावरच्या बर्फकणांच्या विरळ ढगातून प्रकाश वाकला की खळं पडतं, हे भौतिकशास्त्र पुण्यात आणि फुनाबोरीत एकच. पण जपानात तो ढग बहुधा येणाऱ्या पावसाची आघाडी असतो. उबदार हवा थंड हवेवर चढत येते, आधी विरळ ढग, मग दाट, मग पाऊस, असा क्रमच लागलेला असतो. आपल्या पावसाळ्यात तो क्रम नाही. वरचा विरळ ढग कुठल्या तरी दूरच्या गडगडाटी ढगाचा फाटलेला पदर असू शकतो, आणि तो ढग आपल्याकडे येतोय की दूर चाललाय हे खळं सांगत नाही.

जगभर सारख्या असलेल्या काही म्हणींना तर भौतिकशास्त्राचाही आधार लागत नाही. मांजर तोंड धुऊ लागलं की पाऊस, असं जपानात म्हणतात, युरोपातही म्हणतात. मांजर रोज तोंड धुतं. टोकियोत वर्षातले शंभरेक दिवस पाऊस पडतो. मांजराची बाजू सांभाळायला एवढं पुरेसं आहे.

आणि काही म्हणी सारख्या आहेत कारण त्या उसन्या आहेत. तीन दिवस थंडी, चार दिवस ऊब, अशी एक चौशब्दी उक्ती जपानात सर्रास वापरतात. ती मूळची उत्तर चीन आणि कोरियाची. सैबेरियातली थंड हवा तिथे हिवाळ्यात सात-आठ दिवसांच्या लाटांनी येते, म्हणून तिथे ती नेमकी बसते. जपानात आली तर हिवाळ्यात जमेना. मग जपान्यांनी काय केलं, तर तिला हिवाळ्यातून काढून वसंताच्या तोंडावर नेऊन ठेवलं. आपल्याकडे सहदेव-भाडळीच्या म्हणी राजस्थान-गुजरातपासून महाराष्ट्रापर्यंत हिंडतात, तिकडे अवधात घाघ-भड्डरी, बंगालात खना. भड्डरी कुठे पुरुष, कुठे बाई. इतक्या प्रांतांत तेच बोल सापडतात ते प्रत्येक प्रांताने स्वतंत्रपणे आभाळ पारखलं म्हणून, की बैराग्यांनी, बंजाऱ्यांनी आणि छापखान्यांनी ते वाहून नेले म्हणून? दुसरं जास्त संभवतं.

आता मृग आणि त्सुयु. तारखेचा हा मेळ निव्वळ योगायोग आहे असं मी म्हणणार नाही. उन्हाळा चढला की हिमालयाच्या दक्षिणेकडून वाहणारा उंचावरचा वेगवान पश्चिमी वारा उत्तरेला सरकतो. आपला मोसमी पाऊस आणि पूर्व आशियातला पावसाचा पट्टा ही दोन्ही त्याच मोठ्या उलथापालथीची अपत्यं आहेत. पण त्सुयु म्हणजे ओखोत्स्क समुद्राकडची गार दमट हवा आणि प्रशांत महासागरावरची उष्ण हवा यांच्या सीमेवर अडकून पडलेला ढगांचा पट्टा. रिपरिप, कुंद, अंगावर बुरशी येईल असा. वळवाचा आवाज नाही, मातीचा वास नाही.

पंचांग घेऊन पुढे चला. आर्द्रा जमून जाते. पुनर्वसू, आपला तरणा पाऊस, तोही निभावतो. १९ जुलैच्या सुमारास टोकियोचा त्सुयु सरासरीने संपतो, आणि इकडे नेमका पुष्य लागतो, म्हातारा पाऊस. त्याच वेळी जपानी म्हण सांगते की त्सुयु उठल्यावर दहा दिवस कडकडीत ऊन. फुनाबोरीत दोन म्हणी समोरासमोर उभ्या राहतात आणि त्यांतली एक सपशेल हरते. पुढे आश्लेषा, मघा. ऑगस्टच्या उत्तरार्धात मघांचा सूर्य असतो. तेव्हा टोकियोत पस्तीस अंशांचा उकाडा असतो आणि वॉर्डातली मंडळी उष्माघाताच्या सूचना ऐकत असतात. पहिले सहा आठवडे पंचांग बरोबर निघालं म्हणून ज्याने पुढचे सहा आठवडे त्याच्या हवाली केले, त्याने छत्री उगाचच वागवली.

त्यात या मताचा आग्रह असा की म्हण जितकी जुनी तितकी भरवशाची. नक्षत्रांच्या बाबतीत हिशेब नेमका उलटा आहे. सूर्याचं नक्षत्र ताऱ्यांवरून ठरतं, ऋतू ठरतात अयनावरून, आणि अयनचलनामुळे दोघांत साधारण बहात्तर वर्षांनी एका दिवसाचं अंतर पडतं. आज मृग ७-८ जूनला लागतो. शिवराज्याभिषेकाच्या वेळी तो ऋतुमानाने चार-पाच दिवस आधी लागत होता, ज्ञानेश्वरांच्या काळी दहा दिवस आधी, वराहमिहिराच्या काळी तर सुमारे वीस दिवस आधी, म्हणजे आजच्या हिशेबाने मेच्या तिसऱ्या आठवड्यात. म्हण हजार-दीड हजार वर्षांची अनुभवसिद्ध आहे असं म्हणणाऱ्याने ती आजच्या मृगाला लावूच नये. ती आजच्या मृगाला लागू असेल तर ती तेवढी जुनी नाही. दोन्ही दावे एका दमात करता येत नाहीत.

जर्मनीत हाच घोळ उघडकीला आला आहे. २७ जून हा तिथे सात निद्रिस्तांचा दिवस. त्या दिवशी जी हवा, ती सात आठवडे, अशी म्हण. तारखेला धरून ती फारशी टिकत नाही. पण १५८२ च्या पंचांग-सुधारणेत दहा दिवस गाळले गेले, तेव्हा म्हणीचा मूळ दिवस आजच्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात पडतो. तिथून मोजलं की दक्षिण जर्मनीत तिचा बराच मेळ बसतो, कारण त्या सुमारास युरोपवरच्या वाऱ्यांची बैठक खरोखर ठरते. जपान्यांनी वेगळी युक्ती केली. त्यांच्या शेतीच्या खुणा वसंतारंभापासून दिवस मोजून ठरवलेल्या आहेत. अठ्ठ्याऐंशीवी रात्र, म्हणजे मेच्या दोन तारखेच्या आसपास, शेवटचं दहिवर. दोनशे दहावा दिवस, म्हणजे १ सप्टेंबरच्या सुमारास, वादळाचा. या खुणा ऋतूबरोबर चालतात, सरकत नाहीत. तरीसुद्धा जिथे थंडी रेंगाळते तिथल्या लोकांनी अठ्ठ्याऐंशीव्या रात्रीवर विसंबून हात पोळल्यावर नव्याण्णवाव्या रात्रीच्या रडवणाऱ्या दहिवराची वेगळी म्हण केली. आणि दोनशे दहावा दिवस? जपानला विसाव्या शतकात उद्ध्वस्त करून गेलेली मोठी वादळं पाहा. मुरोतो, २१ सप्टेंबर १९३४. माकुराझाकी, १७ सप्टेंबर १९४५. कॅथलीन, १९४७ च्या सप्टेंबरचा मध्य. इसे उपसागराचं वादळ, २६ सप्टेंबर १९५९. सगळी दोन ते साडेतीन आठवडे उशिरा. १ सप्टेंबर जपानी माणसाच्या लक्षात आहे तो १९२३ च्या भूकंपासाठी.

आता आपल्या नक्षत्रांच्या म्हणी प्रत्यक्ष वाचू, कारण माझी खरी तक्रार इथे आहे. त्यांची भलामण करणाऱ्यांनी त्या नीट वाचलेल्याच नाहीत. ‘पडतील मघा तर चुलीपुढे हगा, न पडतील मघा तर वरतीच बघा.’ यात भाकीत कुठे आहे? मघा पडल्या तर इतक्या पडतील की परसाकडे जायची सोय राहणार नाही. नाही पडल्या तर आभाळाकडे डोळे लावून बसा. मघा पडणार की नाही हे म्हण सांगतच नाही. ती सांगते की हे नक्षत्र लहरी आहे, दोन्ही टोकांना जातं. ‘पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा.’ उत्तरांचा सूर्य सप्टेंबरच्या उत्तरार्धात. तेव्हा भात फुलोऱ्यात किंवा दाणा भरण्याच्या अवस्थेत असतो, त्या दिवसांत पाणी मिळालं की एवढं पीक की कुत्रंही भाताला विटेल. ‘पडेल हत्ती तर पडतील भिंती.’ हस्ताचा पाऊस आडदांड, मातीच्या भिंती चार महिने भिजून आधीच पोकळ झालेल्या. ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती.’

सगळीकडे ‘तर’ आहे. हे शेताचे हिशेब आहेत : अमुक वेळी पाणी आलं तर अमुक पिकाचं काय होईल. त्यांना वेधशाळेचा दाखला द्यायचा म्हणजे खतावणीला कुंडली म्हणण्यासारखं आहे. आणि हिशेब म्हटला की कोणाच्या शेताचा हे विचारावं लागतं. स्वातीचा पाऊस ऑक्टोबरच्या शेवटी, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. सोलापूर-मंगळवेढ्याच्या काळ्या रानात तेव्हा रब्बीची ज्वारी नुकती उगवून आलेली असते. पुढे थेंब नाही पडला तरी हे पाणी ती तीन महिने जपून वापरते. तिथे मोती पिकतात, शब्दशः. त्याच आठवड्यात रत्नागिरीच्या शेतकऱ्याचं भात कापून शेतात आडवं पडलेलं असतं. त्याच्या भाताला पाण्यातच कोंब फुटतात. त्याला स्वातीची म्हण ऐकवून पाहा. (मोतीच का, हाही एक प्रश्न. स्वातीचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो ही कविसंकेताची जुनी गोष्ट; आणि यमक. उत्तरा-कुत्रा, मघा-बघा, हत्ती-भिंती. फलित कधी शेताने ठरवलं आणि कधी यमकाने, हे प्रत्येक म्हणीला वेगळं विचारायला हवं.) आणि ज्या पिकावर आज मराठवाडा-विदर्भाचं घर चालतं, त्या सोयाबीनला एकही म्हण नाही. ते आलं गेल्या तीन-चार दशकांत. हस्ताच्या पावसात त्याच्या शेंगा काळ्या पडतात. भिंतींची काळजी करणाऱ्या म्हणीला त्याची खबर नाही.

पंचांगातल्या वाहनांबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. या नक्षत्राचं वाहन बेडूक, पाऊस चांगला. त्याचं गाढव, पाऊस बेताचा. हे वाहन कोणी आभाळ पाहून ठरवत नाही. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊने भागायचं, बाकी उरेल ते जनावर. एकच बेडूक महाबळेश्वरला आणि एकच माण तालुक्याला, जिल्हा एकच असला तरी एकीकडे सरासरी सहा हजार मिलिमीटरच्या घरात आणि दुसरीकडे पाचशेच्या आसपास. कौटिल्य यापेक्षा शहाणा होता. त्याने कोठाराच्या दारात पर्जन्यमापक पात्र ठेवायला सांगितलं, आणि वर्षाच्या पावसाचं प्रमाण देशागणिक वेगळं दिलं. जांगल प्रदेशाला एक, अश्मकाला दुसरं, अवंतीला तिसरं. अपरांताला, म्हणजे आपल्या कोकणाला, त्याने मापच दिलं नाही. तिथला पाऊस अमित म्हणून सोडून दिला. परंपरेचा अभिमान बाळगायचा असेल तर हा बाळगावा.

उरला शेवटचा बचाव : पूर्वी बरोबर यायचं, आता हवामान बदललं. हवामान बदलतं आहे यात शंका नाही. पण ‘पूर्वी’ म्हणजे कधी? १६३०-३२ च्या दुष्काळात तुकोबांचं दुकान बुडालं, पहिली बायको आणि मूल गेलं. त्या वर्षी कावळे झाडावर घरटी बांधत नव्हते का? १८७६-७८ मध्ये दख्खन ओसाड झालं, १९७२ मध्ये माणसं खडी फोडायला गेली. टिटव्या तेव्हाही होत्या. म्हणी आगाऊ सांगत असत्या तर निदान बियाणं तरी शिल्लक राहिलं असतं. गावाने हे पाहिलं होतं, म्हणूनच मघांच्या म्हणीत ती दुसरी ओळ आहे. बिनचूकपणाचा दावा म्हणी करणाऱ्यांनी केला नव्हता. तो त्यांच्या नावावर आपण, पगारदार नातवंडांनी चढवला.

शास्त्राच्या खुणाही झिजतात, हेही कबूल करायला हवं. हेन्री ब्लॅनफर्डने हिमालयातल्या बर्फावरून मोसमी पावसाचा अंदाज बांधला आणि ४ जून १८८६ रोजी हवामान खात्याचा पहिला दीर्घकालीन अंदाज निघाला. काही वर्षं बर्फाची खूण चालली, मग दगा देऊ लागली. गिल्बर्ट वॉकर १९०४ मध्ये त्या खात्याचा प्रमुख झाला, मूळचा गणिती. पुरेशा खुणा तपासल्या तर त्यांतली एखादी निव्वळ योगायोगाने जुळणारच, हे त्याने बजावून ठेवलं. आणि जपानचं खातं? २०२२ साली त्याने कांतोचा त्सुयु २७ जूनला संपल्याचं जाहीर केलं; सप्टेंबरात नोंदी पुन्हा तपासल्या आणि तारीख केली २३ जुलै. सव्वीस दिवसांची दुरुस्ती, तीही उघडपणे. कावळ्याच्या घरट्याच्या बाबतीत अशी दुरुस्ती कोणी प्रसिद्ध केल्याचं ऐकिवात नाही. बरोबर निघालेलं वर्ष कौतुकाने सांगितलं जातं, चुकलेलं वर्ष कोणी मोजत नाही. या अंधश्रद्धेची किंमत शहरातल्या मोबाइलधारकाला पडत नाही, ती पडते मृगाच्या पहिल्या सरीवर पेरून बसलेल्या शेतकऱ्याला. कृषी विभाग दर वर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय पेरू नका. पावशा तर एप्रिलपासून रात्रंदिवस ‘पेरते व्हा’ म्हणतोय. तो त्याचा विणीचा हंगाम आहे. दुबार पेरणीचं बियाणं त्याला विकत घ्यावं लागत नाही.

मग म्हणी टाकून द्यायच्या? मुळीच नाही. सरींचा पाऊस बैलाचं एक शिंग भिजवतो आणि दुसरं कोरडं ठेवतो, असं आपण म्हणतो. जपानी म्हणतात, वळवाची सर घोड्याच्या पाठीची दोन भागांत वाटणी करते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला ७३. ती म्हण उद्याचं काही सांगत नाही, पण पावसाचा स्वभाव असा सांगते की बैल आणि घोडा दोघेही साक्ष देतील. म्हणीचं काम हेच : पाण्याची खोड ओळखून ठेवणं, आणि ‘असं झालं तर काय’ याची आधीच तालीम करून घेणं.

या अर्थाने पाहिलं तर उत्तरा-मघांच्या म्हणीचा खरा वारस फुनाबोरीत सापडतो, आणि तो हवामानाचा अंदाज नाही. एदोगावा वॉर्डाची सुमारे सत्तर टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. १९४७ मध्ये कॅथलीन वादळाने तोने नदीचा बांध फुटला तो वर सैतामा प्रांतात, १६ सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर. तिथून पाणी जुन्या पात्रांच्या वाटेने उतरत तीन-चार दिवसांनी एदोगावापर्यंत आलं. तोवर वादळ केव्हाच समुद्रात निघून गेलं होतं. त्या सांजा तांबड्या असत्या काय किंवा नसत्या काय, मुंग्यांनी अंडी हलवली असती काय किंवा नसती काय, सांगण्यासारखं आभाळात काही उरलंच नव्हतं; पाणी जमिनीवरून येत होतं. २०१९ च्या मे महिन्यात वॉर्डाने पुराचा नकाशा काढून घरोघर पोचवला. त्यावर वॉर्डाच्या जागेवरच लिहिलं होतं : इथे थांबू नका. मोठ्या नद्या फुटल्या तर जवळजवळ सगळा वॉर्ड पाण्याखाली जाईल, कित्येक ठिकाणी ते पाणी आठवडा-दोन आठवडे हटणार नाही, म्हणून आधीच वॉर्डाबाहेर पडा. आपला वॉर्ड राहण्याजोगा नाही असं वॉर्डच सांगतो म्हणून तेव्हा पुष्कळ जपानी लोकांनीही भुवया उंचावल्या. पाच महिन्यांनी, १२ ऑक्टोबरला, हागिबिस वादळ आलं आणि वॉर्डाच्या पश्चिम भागातल्या लोकांना घरं सोडून आसऱ्याच्या जागी जाण्याचा सल्ला मिळाला. हजारो लोक शाळांमध्ये जाऊन राहिले. पंचांगात त्या दिवशी चित्रा नक्षत्र होतं.

बांध टिकला, पूर आला नाही. नकाशा खोटा ठरला असं तिथे कोणी म्हटलं नाही, कारण नकाशाने पूर येईल असं म्हटलंच नव्हतं. त्यानेही ‘तर’ म्हटलं होतं.